ईश्वरचिठ्ठी

"आत येऊ का?"

तासाची घंटा झाली की सर वर्गाच्या दारात थांबायचे आणि पोरांना असं विचारायचे. मास्तरनं पोरांना विचारायचं! मी या हायस्कुलात बावीस वर्षं क्लार्क आहे. पोरं मास्तरांना विचारतात, मास्तर हेडमास्तरांना आणि हेडमास्तर चेअरमन आप्पांना. ही उलटी गंगा मी पहिल्यांदाच बघितली.

एकदा नववीतल्या एका आगाऊ कार्ट्यानं मागच्या बाकावरून "नको" म्हणून ठोकून दिलं. सर खरंच बाहेर उभे राहिले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. वर्ग आधी फिदीफिदी हसला, मग गप्प झाला. हेडमास्तर फेरीला आले, मागं मी. "काय हो, बाहेर का?" सर शांतपणे म्हणाले, "परवानगी मिळाली नाही." हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मी आढ्याकडे. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "या सर!" पार माझ्या टेबलापर्यंत ऐकू आलं.

सर नागरिकशास्त्र शिकवायचे. तुम्हीही शाळेत शिकला असाल, म्हणजे नागरिकशास्त्राची किंमत तुम्हाला ठाऊक आहे. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय, परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायचा. सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "हे पेपरात येणार नाही, म्हणून नीट ऐका." आणि गंमत म्हणजे पोरं ऐकायची.

माणूस शिरूरकडचा. न्हावऱ्यावरून चौफुल्याला यायचं, तिथून दुसरी गाडी धरायची. सहा वर्षं असा येत होता. नोकरी कच्ची. मान्यतेचा प्रस्ताव दर वर्षी माझ्या हातून जायचा आणि कसली ना कसली त्रुटी निघून परत यायचा. गेल्या वर्षी एकदाचे सगळे कागद जुळले. फक्त चेअरमन आप्पांची सही राहिली होती. सरांची वयोमर्यादा संपत आली होती. ही सही हुकली असती तर पुन्हा कुठं मास्तरकी मिळणार नव्हती, आणि हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

नेमक्या त्याच वर्षी शाळेच्या मुख्यमंत्रिपदाला आप्पांचा नातू उभा राहिला.

शालेय मंत्रिमंडळ सगळीकडेच असतं. हुशार पोरांची नावं वाचायची, टाळ्या वाजवायच्या, झालं. पण सर निवडणूक अगदी खरीखुरी घ्यायचे. मतदार यादी, बोटाला शाई, खोडरबर कोरून केलेला शिक्का, पुठ्ठ्याच्या आडोशामागं मतदान. आप्पांचा नातू ओंकार, चिन्ह ट्रॅक्टर. त्याच्यासमोर दहावीची पूनम, चिन्ह नळ. तिचा बाप बिहारचा, कुरकुंभच्या कंपनीत कामाला. पोरगी मात्र आमच्यापेक्षा गावरान बोलायची. प्रचारात तिचं एकच म्हणणं होतं, "पोरींच्या बाथरूमला कडी न्हाई. मी निवडून आली तर पयली कडी बसवीन."

मतं मोजली, तर दोघांना सारखीच!

ग्रामपंचायतीला असं झालं की लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढतात. ईश्वरचिठ्ठी म्हणतात तिला. सर म्हणाले, आपणही तेच करू. मधल्या सुट्टीनंतर सगळ्यांसमोर.

मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी मला आत बोलावलं. "भाऊसाहेब, चिठ्ठ्या तुम्हीच लिहा. सरांचा प्रस्ताव आप्पांच्या टेबलावर पडलाय. कळतंय ना?"

मला कळलं. मी बावीस वर्षं तेवढंच तर करत आलोय. दोन्ही चिठ्ठ्यांवर मी ओंकारचं नाव लिहिलं. सरांच्या भल्यासाठीच लिहिलं, हे मी देवाशपथ सांगतो. पोरांचा खेळ तो, एका कडीसाठी एका माणसाचं आयुष्य कशाला बरबाद करायचं, असं मनाशी म्हणालो आणि मस्तपैकी चहा प्यालो.

मैदानात पोरं बसली. मी घड्या घातलेल्या चिठ्ठ्या डब्यात टाकणार, तेवढ्यात सरांनी हात पुढं केला. "थांबा भाऊसाहेब. आधी उघडून दाखवायच्या असतात." आणि मला काही सुचायच्या आत त्यांनी दोन्ही उघडून पोरांसमोर धरल्या. मग स्वतः बघितल्या.

ओंकार. ओंकार.

पुढच्या रांगेतली दोन-तीन पोरं माझ्याकडं बघायला लागली. सर माझ्याकडं वळलेसुद्धा नाहीत.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "निवडणूक अधिकारी मी. चिठ्ठ्या तपासणं माझं काम होतं. मी तुमची माफी मागतो."

त्यांनी चिठ्ठ्या फाडल्या. ओंकार आणि पूनम दोघांना पुढं बोलावून आपापलं नाव लिहायला लावलं. पाचवीतल्या एका मुलीनं डब्यात हात घातला. पूनम निघाली. आठ दिवसांत पोरींच्या बाथरूमला कडी बसली. ओंकारनंच घरून ड्रिल मशिन आणलं होतं. पोराचं काही नव्हतं हो, तो तर खुशीत होता.

दिवाळीच्या आधी आप्पांचं पत्र आलं. म्हणजे मजकूर हेडमास्तरांनी सांगितला आणि टाइप मी केला. विद्यार्थ्यांच्या निवडणुकीत गैरप्रकार झाला, संबंधित शिक्षकानं सर्वांसमोर चूक कबूल केली, सबब प्रस्ताव नामंजूर, सेवा समाप्त. आठ ओळी. प्रत्येक ओळीला वाटत होतं की आता उठावं आणि म्हणावं, अहो, चिठ्ठ्या मी लिहिल्यात. आठव्या ओळीनंतर मी प्रिंट काढली.

सरांनी पत्र उभ्या उभ्याच वाचलं. मला वाटलं, आता हा माणूस माझी गचांडी धरणार. धरली असती तर बरं झालं असतं.

"सही कुठं करू?" त्यांनी विचारलं.

मी बोटानं जागा दाखवली. सही करून ते दोनची गाडी गाठायला निघाले. मी फाटकापर्यंतसुद्धा गेलो नाही.

यंदा दहावीचा निकाल लागल्यावर पूनम शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. ऑफिसात आम्ही दोघंच. मी शिक्का मारला, दाखला पुढं केला आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं. "पूनम, त्या दिवशीच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या गं. सरांची काही चूक नव्हती."

तिला काही नवल वाटलं नाही. "ठावं हाय की. नोटीस बोर्डावर रोज तुमचंच अक्षर असतंय, भाऊसाहेब. सगळ्या शाळंनं वळखलं तवाच."

"मग बोलला का नाहीत कुणी?"

"आमी जाणार व्हतो हेडसरांकडं. सरांनीच अडवलं. म्हणले, भाऊसाहेब चांगला मानूस हाय, घाबरलाय. त्यो आपनहून सांगंल. तवर कुनी त्येंना टोकायचं न्हाई." दाखल्याची घडी घालत ती म्हणाली, "आमी रोज परिपाठाला वाट बघायचो. दिवाळीपतुर तर लई बघितली."

मला मान वर करवेना. एवढं ओझं त्या पोरांनी माझ्यावर विश्वास ठेवून सांभाळलं, आणि मी बसून पत्रं टाइप करत राहिलो. लाज वाटली. आजही वाटते.

"सर कुठं असतात गं आता?"

"कुरकुंभला. पप्पांच्या कंपनीत, पॅकिंगला. शिफ्टला बरोबरच जात्यात दोघं. तुमी आपनहून सांगितलं, असं सांगू का त्येंना?"

"नको," मी म्हणालो. "मीच जाऊन सांगतो."

ती हसली. सुटका झाल्यासारखी हसली. "जावा मग. खूश व्हतील."

त्याला आता दोन महिने झाले. कुरकुंभ आमच्या शाळेपासून मोटारसायकलवर वीस मिनिटांचं. मी अजून गेलेलो नाही.