राजा दोन्हीकडे मेला

जगाच्या इतिहासाचा पेपर देऊन आम्ही दोघी जावा चालत घरी निघालो होतो. पूल ओलांडेपर्यंत आमची उत्तरं जुळत आली. मग मी सहज विचारलं, "ताई, रशियाच्या क्रांतीच्या उत्तरात महायुद्ध हे कारण लिहिलंत ना?"

ताई थबकल्या. "रशियाच्या? अगं बाई, मी तर राजाचं डोकं उडवून आले!"

"ते फ्रान्समध्ये, ताई."

"राजा दोन्हीकडे मेलाच की! निम्मे तरी गुण देतील?"

आम्ही दोघीही हसलो. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करता करता, टेबलाच्या कडेला पुस्तक उघडं ठेवून ताईंनी अभ्यास केला होता. दोनदा नापास झाल्यावर थोरल्या दिरांनी बजावलं होतं, "यंदा शेवटचं." आणि हाच प्रश्न सगळ्यात जास्त गुणांचा होता. मी मनातच देवाला हात जोडले.

ताईंनी चष्मा पुसला. "पेपरात गचकले तर यांना मी समजावेन, पण पुन्हा बसणार. तू तर पास होऊन सुटशील. तरी तेव्हा माझ्याबरोबर केंद्रापर्यंत चालत येशील? आणि असलं काही विचारायचं तर जाताना विचार बाई, येताना नको."