चाकाच्या पोटातलं कडं

साठी ओलांडली की बाईला अक्कल येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला त्या पोळ्याच्या दिवशी पाहायला हवं होतं. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात ट्रॅक्टरच्या पेटीतला पाना, आणि तोरा असा की जणू गाडी हिनंच जन्माला घातली. आज ती बाई समोर आली तर मी तिच्या हातून पाना काढून घेईन आणि तिला तांदूळ निसायला बसवीन.

पण तिच्यापुढं दुसरा मार्ग नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांना करडीहून भंडाऱ्याला डायलिसिसला न्यायचं. मुलगा पुण्याला, म्हणून त्या वयात मीच गाडी शिकले. जुनी, छोटी, पांढरी गाडी. मी स्टिअरिंगवर बसले की गल्लीतल्या बाया कोंबड्या आत घ्यायच्या.

त्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकातून घरघर येऊ लागली. आधी दूरच्या पिठाच्या चक्कीसारखी, मग अगदी कानाशी. शहाण्या बाईनं काय केलं? रेडिओचा आवाज वाढवला.

“चाक बोलून राहिलं वं,” हे म्हणाले.

“बोलू द्या. माह्यासंगं दुसरं कोण बोलते?”

एका फेरीला नदीचा पूल यायच्या आधीच चाक डगडगायला लागलं. कुणाच्या तरी ट्रॅक्टरनं आम्हाला ओढत घरी आणलं आणि डायलिसिसची ती पाळी बुडाली. नर्स फोनवर म्हणाली, “आजी, एक हुकलं तर मीठ-पाणी तोडून कसंबसं निभावतं. पुढचं अजिबात हुकवू नका. छातीत पाणी भरेल.”

पुढची पाळी नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, सकाळी.

गावातल्या मेकॅनिकनं नवे बेअरिंग आणून दिले, एक आतला आणि एक बाहेरला, आणि “पाडवा झाला का बसवून देतो काकू” म्हणत बायकोपोरांसकट सासुरवाडीला गेला. पोळा आणि पाडवा, दोन दिवस आमच्याकडं कुणी कामाला हात लावत नाही. बैलाच्या खांद्याला आराम असतो, माणसाच्या घशाला नसतो. भाड्याच्या जीपचा ड्रायव्हर दुपारीच इतका प्याला होता, की मला ‘माय’ म्हणून पाया पडला आणि उठलाच नाही. पहिली बस पोहोचेस्तोवर मशीन दुसऱ्याला लागलेलं असायचं, आणि बसची पायरी चढायचा दम ह्यांच्यात उरला नव्हता. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. आडवं होता येत नव्हतं. छपरीत खाटेवर उशांना टेकून ते नुसता श्वास ओढत बसले होते, खोल विहिरीतून जड बादली ओढावी तसा. मी शक्यतो तिकडं बघत नव्हते.

“मीच बसवतो बेअरिंग,” मी म्हटलं.

“तू?”

“माह्या माहेरी खासरीचं चाक बनताना किती डाव पाह्यलं मी.”

“खासर बैलं वढते. हे गाडी होय.”

“चाक ते चाकच. गोलच असते.”

त्या बाईचं हे वाक्य आठवलं की मला आजही तोंडाला पदर लावावा लागतो.

एक्सलखाली ओंडका दिला, चाक काढलं. मधल्या नटाला पाना लावून जोर केला, तर नटाबरोबर ड्रमही फिरला आणि ड्रमाबरोबर मीही. चिखलात बसले. छपरीतून आवाज आला, “हँडब्रेक वढ आधी.” हँडब्रेक ओढला. नट हलेना. मग पान्यात लोखंडी पाइप घातला, त्याच्यावर उभी राहिले आणि उड्या मारल्या. नातवंडं असलेली बाई! शेवटी नट कुरकुरला आणि सुटला. ड्रम काढून मी छिन्नीनं दोन्ही जुने बेअरिंग ठोकून बाहेर पाडले. हे तोंडानं सांगत होते, मी हातोडी मारत होते. तेवढ्यानंच ते दमले आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला.

नवा बेअरिंग काही ड्रमात जाईना. केसभर मोठा वाटत होता. हळू ठोकलं, जोरात ठोकलं, शिव्या दिल्या. ऊन कलायला लागलं. सकाळी गाडी निघाली नाही तर काय, हे डोक्यात येऊ नये म्हणून मी आणखी जोरात ठोकत होते.

आणि मग त्या बाईला माहेर आठवलं. खासरीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची असली, की गवऱ्यांच्या विस्तवात ती लाल होईस्तोवर तापवायचे. तापली की फुगते, चाकावर बसते, वरून पाणी ओतलं की आवळून धरते. झालं तर! लोखंडाचं कडं बसत नाही? तापवा.

अंगणात गवऱ्या पेटवल्या आणि बाहेरला नवा बेअरिंग मधोमध ठेवला. तेवढ्यात धाकटी जाऊ करंज्यांचं ताट घेऊन आली.

“बाई, हे काय भाजून राहिल्या?”

“बेअरिंग.”

“सणाच्या दिवशी? सकाळी पुरणाच्या पोळ्या जाळल्या, तेवढ्यानं पोट नाही भरलं काय तुमचं?”

मी तिला उत्तर देणार, तर रबराचा वास आला. मग ग्रीस उकळून ठिबकायला लागलं आणि एकदम भडका उडाला. हे दचकून जागे झाले.

“अवं, काय जाळून राहिली?”

“कडं तापवून राहिली. तापलं का बसते ना!”

त्यांनी विस्तवाकडं बोट केलं. बोलायला त्यांना मध्येमध्ये थांबावं लागत होतं. “अवं बाई... इथं चाकावर धाव नाही चढवाची. चाकाच्या पोटात कडं टाकाचं हाये.”

एवढं साधं. धाव बाहेरून बसते, म्हणून ती फुगवायची. बेअरिंग आत बसतो. तो फुगला तर आणखीच बसणार नाही. तापवायचा होता तो ड्रम. सांडशीनं बाहेर काढला तेव्हा बेअरिंग काळा पडला होता, रबर वितळलेलं, आतल्या गोळ्या कोरड्या खडखडत होत्या. आणि पाडवा होईस्तोवर सुट्या भागांचं एकही दुकान उघडणार नव्हतं.

मी गोठ्यात गेले. बैल पोळ्याच्या तोरणाखाली गेले होते, गोठा रिकामा होता, गावाबाहेरच्या आखरावरून वाजंत्री ऐकू येत होती. गव्हाणीला डोकं टेकून उभी राहिले. एकच गोष्ट डोक्यात घुमत होती: मी ह्यांना मारलं. गवऱ्यांच्या विस्तवात घालून मारलं.

जाऊ मागून आली. करंज्यांचं ताट अजून हातातच. “रडाचं असन तं पाडवा झाल्यावर रडा. भाऊजी बलावून राहिले.”

ह्यांनी तिच्याकडून जुने बेअरिंग मागून घेतले होते आणि मांडीवर ठेवून एकेक बोटानं फिरवत होते. बाहेरला गुळगुळीत फिरत होता. आतला खरखरत होता, अडकत होता.

“हा बाहेरचा अजून चांगला हाये. आतलाच मेला व्हता. आतला नवा उरला ना?”

“उरला.”

“तो फ्रिजात टाक, बर्फाच्या खणात. ड्रम ठेव विस्तवावर. लाल नको करू. पाणी शिंपडल्यावर चर्र झालं का बस.”

“हे आधी काहून नाही सांगतलं?”

“तू इचारलं कुठं?”

बेअरिंग बर्फाच्या खणात गेला. जुना बाहेरला मी घासलेटात धुतला, नवं ग्रीस भरलं. ड्रम चर्र म्हणाला तसा जावेनं फ्रिजातून बेअरिंग पळत आणला आणि मी तो वरून सोडला. हातोडी उचलायची गरजच पडली नाही. आपल्या जागी जाऊन बसला तो.

जुना बाहेरलाही दुसऱ्या बाजूनं बसवला, ड्रम आणि चाक चढवून नट आवळला, आणि पाडव्याला झुंजूमुंजू होताना निघालो. रस्त्यावर माणूस नव्हतं. मी कान चाकाकडं लावला. काहीच नाही. कितीतरी दिवसांनी गाडी गुपचूप चालत होती आणि मी स्वतःवर खूश व्हायला निघाले होते, तेवढ्यात मला दुसरा आवाज ऐकू आला. त्यांच्या छातीतला. ओला, बुडबुडणारा. चाकाच्या घरघरीखाली तो कधीपासून होता, कोण जाणे. मला वाटलं, चाकच घरघरत राहिलं असतं तर बरं झालं असतं. मी पाय दाबला.

“हळू,” ते म्हणाले.

“गप बसा. बोलण्यात श्वास नका घालवू.”

दवाखान्यात नर्सनं त्यांना खुर्चीत घालून पळतच आत नेलं. मला मात्र दारातच थांबवलं. “आजी, हे असे काळे हात घेऊन आत नाही यायचं.” मी नळावर साबण लावला, माती लावली, भिंतीवर बोटं घासली. काळं जाईना. मग काचेबाहेरच उभी राहिले. आत त्यांची छाती खालीवर होत होती आणि प्रत्येक वेळी वर यायला तिला उशीर होतोय असं मला वाटत होतं.

बऱ्याच वेळानं नर्सनं पलंगाचा उशाकडचा भाग थोडा खाली केला. मग आणखी थोडा. ते आडवे झाले तरी धडपडून उठले नाहीत. तोंड उघडं टाकून घोरायला लागले. इतकं कुरूप घोरणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

“आता बसा जरा, आजी,” नर्स बाहेर येऊन म्हणाली.

परतीच्या आधी चाक एकदा हलवून बघायचं होतं. नट घट्ट आहे का तेही बघायचं होतं. पण काचेपुढून पाय निघेना.