गुळाचं पाणी निवलं नव्हतं

त्या सकाळी अंगणात चौघंच होतो — सासरे आबा, धाकटा दीर नाना, त्याची बायको सुमन, आन मी, थोरली सून. आबा, नाना आता हयात नाहीत. त्या सकाळी मी जे केलं, ते कोणालाच सांगितलं नाही. मालकालाबी नाही.

सुमन सातवी शिकलेली. शेतीखात्याचा माणूस आला की तिच्याशीच बोलायचा. तो म्हणे, आपली काळी माती सुपर फॉस्फेट खत धरून बसते, पिकाला देत नाही. मातीत बारीक जीव असतात, ते खत सुटं करून मुळाला देतात. त्या जीवांची पुडी तिला दिली. आबांनी विहिरीजवळचा तुकडा तिच्या हवाली केला — अर्ध्यात पुडीचा हरभरा, अर्ध्यात साधा.

आन मी? मी बारा वर्षं त्याच तुकड्यात शेणखताच्या पाट्या वाहिल्या. मला कोणी कधी विचारलं?

पुडी बियाण्याला चिकटावी म्हणून कालवायला गुळाचं पाणी चुलीवर उकळत होतं. सुमन बियाणं पाखडायला मागच्या दारी गेली. जाताना म्हणाली, "अक्का, पानी पुरं थंडं होऊ दे, मंगच पुडी टाकजो. गरममा जीव मरी जातस."

ऐकलं होतं मी. नीट ऐकलं होतं.

पातेलं उतरवलं, वाफ तोंडावर येत होती — आन पुडी टाकली. मंग पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवलं. सुमन आली, तिनं बोट बुडवलं, हसली. बियाण्याला चोळून सावलीत वाळत घातलं.

दोन्हीकडचा हरभरा सारखाच खुरटा आला. आबा बांधावर उभे राहून सगळ्यांसमोर म्हणाले, "सातवी शिकेल शे ना! मातीले शिकाडाले निंघनी व्हती!" तुकडा काढून घेतला. पुढच्या साली तो माणूस आला, तर सुमन घरातनं बाहेरच आली नाही.

पण हे तरी खरं पाप आहे का? खरं पुढंच आहे. भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "अक्का, मन्हाच हातनं काही चुकनं व्हई का?"

मी म्हणाले, "व्हई."

असेल — एवढंच. तिनं पुन्हा कधी बियाण्याला हात लावला नाही.

ती आता जामनेरला लेकीकडे असते. माझ्यानं तिच्यासमोर बोलवत नाही. कोणी तिच्या ओळखीचं असलं, तर हे तिला वाचून दाखवा. माझ्या बाजूनं काही बोलू नका.