पंगत उठेपर्यंत

निजामाच्या राज्यातली गोष्ट. माझ्या सासूला, चतुराबाईंना, आखाडा बाळापूरच्या बाजारात सगळे ओळखायचे. त्यांनी टोपली खाली ठेवायच्या आत बाया विचारायच्या, "तळ्यावर कोन आलं, आत्याबाई?" आमचं शेत गावतळ्याला लागूनच. पाहुण्यारावळ्यांची खबर द्यावी तशा त्या सांगायच्या, चक्रवाकाची जोडी उतरली, चमच्यासारख्या चोचीचे पक्षी आले, पाणमांजरीनं पिल्लं घातली. घरातलं मीठ संपलंय हे मात्र त्यांच्या गावीही नसायचं.

करकोचे आले की गावाच्या कपाळाला आठी पडायची. थंडीत ते थव्यानं यायचे आणि हरभरा फस्त करायचे. लोक गोफणी घेऊन धावायचे. आत्याबाईंनी बांधाकडची ज्वारीची एक पट्टी करकोच्यांसाठीच राखलेली, म्हणजे दुसऱ्याच्या रानात कमी जातील. पाटील उत्तमराव म्हणायचे, "तुमच्या पट्टीपायीच हे इथं येऊन राहिले." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

एका पौषात पाटलांनी दौऱ्यावरच्या एका अंमलदाराला शिकारीला बोलावलं. थवा रोज सकाळी आमच्या पट्टीत उतरायचा, म्हणून बंदूकही आमच्याच शेतातून चालणार होती. माझे मालक संतराम आईला म्हणाले, "सरकारी मानूस हाय. त्याला न्हाई कसं म्हनायचं?"

"न्हाई कोन म्हनतंय? हुरड्याला बोलाव त्याला," आत्याबाई म्हणाल्या. "पर माझ्या रानात एक बी पाखरू मरनार न्हाई."

म्हातारीला झालंय तरी काय, असं मला वाटलं. पहाटे उठून आगटी पेटवली मी, गरम कणसं हातावर चोळली मी, आणि पाहुणचार त्यांचा.

साहेब आले, पाटील आले. पळसाच्या पानांवर हुरडा, जवसाची चटणी, दही वाढलं. साहेब मनापासून जेवले. तेवढ्यात थवा पट्टीत उतरला. साहेबांनी हात झटकले आणि बाजूची बंदूक ओढली.

"बसा सरकार," आत्याबाई म्हणाल्या. "पंगत उठली न्हाई अजून."

पाटील चिडले. "समदे जेवले की."

"ते कुटं जेवले?" त्यांनी पट्टीकडं बोट केलं. "त्यान्ला बी मीच वाढलंय. शेवटच्याचं होईस्तोवर पंगतीतून कोनी उठत न्हाई. तुमी पाटील, तुमाला काय सांगावं."

साहेब त्यांच्याकडं बघत राहिले. बंदूक मांडीवर होती. आत्याबाई बंदूक आणि पट्टीच्या मधे उभ्या होत्या. हातात दह्याचं भांडं तसंच होतं. मला भीती वाटली आणि पहिल्यांदाच त्यांचा अभिमानही वाटला.

साहेबांनी बंदूक खाली ठेवली. "हमारे दस्तरखान का भी यही कायदा है," म्हणाले आणि पान पुढं केलं. मी आणखी हुरडा वाढला. करकोचे ऊन चढेपर्यंत निवांत खात होते. मग ओरडत उठले आणि कयाधू नदीच्या वाळूकडं निघून गेले. तेव्हा कुठं पंगत उठली.

जाताना पाटील म्हणाले, "आज वाचले. उद्याचं काय, चतुराबाई?"

"उद्या बी हुरडा हाय," त्या म्हणाल्या. "ज्वारी उभी हाय तवर रोज हाय."

मी माझ्या तळहातांवरचे फोड बघितले.

दुसऱ्या दिवशी साहेब खरंच आले. घोड्यावरून उतरले तेव्हा हात मोकळे होते. बंदूक चावडीवर ठेवून आले होते. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "अम्मा, आज तालाब पर कौन आया?"

आत्याबाई सांगायला बसल्या. मी कोणी न सांगता कणसं आगटीत घातली.