आत्याच्या लग्नाची दोन वयं

कुर्डुवाडीला गाडी थांबली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. पुण्याला खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून खूश झाले होते. दौंड सुटल्यावर तीच खिडकी भट्टीच्या तोंडासारखी वाटायला लागली. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, "माहेरी चाललात का?" पहिल्यांदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदा नुसतं हसले. कुठं चालले होते ते एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायचं ठरलं होतं. प्रत्येकाचा जन्म, लग्न, मुलंबाळं, मृत्यू. आमच्या शाखेची माहिती जमवायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत इतिहास शिकवते, शिवाय लग्न केलेलं नाही, म्हणजे मला वेळच वेळ, असा सगळ्यांचा समज. माझ्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, कमलआत्याच्या नावापुढं कुलवृत्तांत समितीतल्या एका काकांनी लिहिलं होतं: माढ्यास दिली, लग्नसमयी वय आठ, अकाली मृत्यू. लग्नाचं साल १९३०. आप्पांचा जन्म १९२०चा आणि आत्या त्यांच्याहून चार वर्षांनी लहान, म्हणजे तेव्हा सहाची. मग हे आठ आलं कुठून?

"सहा काय, आठ काय! फरक काय पडतो?" काका म्हणाले.

मला पडत होता. त्या दिवसांत मुलीच्या लग्नाचं वय अठरा करायच्या कायद्यावर शिक्षकांच्या खोलीत रोज वाद व्हायचे, आणि माझ्या डोक्यात ही सहा वर्षांची मुलगी येऊन उभी राहायची. आप्पांना विचारलं. "ती गेली तेव्हा मी पुण्यात शिकत होतो," एवढंच बोलून ते उठून गेले. मे महिन्याची सुट्टी लागली आणि मी पिशवी भरली.

कुर्डुवाडीहून माढ्याची एसटी पकडली. अर्ध्या वाटेत टायर बसलं. सगळे उतरून बाभळीच्या विरळ सावलीत उभे राहिले. एका बाजूला उसाचा हिरवा पट्टा, बाकी सगळी ज्वारी काढून मोकळी झालेली काळी रानं, भेगाळलेली. मी रस्त्यावर येरझाऱ्या घालायला लागले तशी टोपली घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "बाई, बसा की. तुमी चालल्यानं गाडी हलायची न्हाय."

बसले. पण पाय हलतच राहिले.

माढ्यात आत्याच्या सासरचं कुणी उरलं नव्हतं. त्यांच्या उपाध्यायांचे चिरंजीव, नानागुरुजी, मात्र भेटले. सत्तरीच्या घरातले, हसरे. त्यांच्या वडिलांना आपण लावलेली लग्नं पंचांगाच्या कडेला टिपून ठेवायची सवय होती. गुरुजींनी त्या सालचं पंचांग काढलं. त्यात आत्याचं लग्न होतं, आणि वय आठच होतं.

"पण ती सहाची होती," मी म्हटलं.

"असेल की! शारदा कायदा लागू होणार अशी हाकाटी झाली, तेव्हा वडिलांना जेवायला फुरसत नव्हती. एकेका मांडवात तीन-तीन लग्नं. पाळण्यातल्या पोरींचीसुद्धा लावली लोकांनी. आठाच्या आतली असली तरी आठच लिहायचं. शास्त्राला आठ शोभतं ना!"

ते हसले. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "आणि ती वारली कधी?"

"कोण? नवरा? तो दोन-तीन वर्षांतच गेला. ताप आला होता."

"नवरा नाही. ती."

गुरुजींनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "ती कशाला वारेल? मोठी झाल्यावर सोलापूरला गेली, मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला. तिथल्याच कंपाउंडरशी लग्न लावलं, ख्रिस्ती झाली. तुमच्या आजोबांनी तिच्या नावानं अंघोळ केली. तुम्हाला घरात कुणी सांगितलं नाही?"

चहा अर्धा टाकून मी उठले. गुरुजींच्या सूनबाई दारापर्यंत मागं आल्या, कुंकू लावायचं राहिलं म्हणून. रस्त्यात माझ्या लक्षात आलं की छत्री त्यांच्याकडेच राहिली. परत गेले नाही.

सोलापूरला उतरले तेव्हा गिरणीचा भोंगा होऊन पाळी सुटत होती आणि सायकलींचा लोंढा अंगावर येत होता. नवी पेठेजवळच्या एका लॉजवर खोली घेतली, तोंड धुतलं आणि लगेच बाहेर पडले. खोलीत बसणं शक्यच नव्हतं. कापडाच्या दुकानांसमोर बायकांचं घासाघीस करणं तेलुगूत चाललेलं, दुकानदार मराठीत उत्तर देणारा, हमाल दखनीत वाट मागणारा. त्या गर्दीत चपलेचा अंगठा तुटला. समोरून येणाऱ्या प्रत्येक पन्नाशीच्या बाईच्या चेहऱ्यात मी आप्पांचं नाक शोधत होते. खानावळीत कडक भाकरी (वाळवून पापडासारखी कुरकुरीत केलेली) आणि शेंगांची चटणी मागवली. चटणी इतकी जहाल की डोळ्यांना धारा लागल्या. तेवढं निमित्त बरं झालं.

सकाळी मिशनचं चर्च गाठलं. पाद्रीसाहेब तरुण होते. मी गुरुजींनी सांगितलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी जुनी विवाहनोंदणी काढली, आणि पानं उलटताना माझी बोटं टेबलावर इतकी वाजत होती की त्यांनी मला पाण्याचा पेला दिला. वधू: कमल. स्थिती: विधवा. पित्याचं नाव माझ्या आजोबांचं. साल: १९४३. वय: एकवीस.

मी मनातल्या मनात वजाबाकी केली. "हेही चुकलंय. एकोणीस पाहिजे."

"विधवेला तशी संमती लागत नसे, पण एकवीस पुरी म्हटलं की वडिलांचा प्रश्नच यायचा नाही," ते म्हणाले. "ह्या वहीत एकवीस वर्षांची माणसं फार सापडतील तुम्हाला."

मी विचारलं, "त्या आहेत का हो? हयात?"

"कमलसिस्टर? गेल्या रविवारीच इथं येऊन माझ्याशी भांडून गेल्या. आवारातला नळ गळतो म्हणून. कुंभारीला असतात."

अक्कलकोट रस्त्याच्या एसटीनं कुंभारीला उतरले. हापशावरच्या बाईला सिस्टरचं घर विचारलं. "बर्री, बर्री," (या, या) म्हणत ती घागर तिथंच ठेवून पुढं झाली. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, दारात कडुलिंब. ओट्यावर एक उंच, सडसडीत बाई शेंगा फोडत बसली होती. पांढरं पातळ, मनगटावर मोठं घड्याळ. नाक आप्पांचंच.

"पेशंट कोण हाय?" तिनं मान वर न करता विचारलं.

"पेशंट नाही. मी पुण्याहून आले. विनायकरावांची मुलगी. तुमच्या दादाची."

तिचे हात थांबले. मान वर करून तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "विनूदादा गेला का?"

"नाही, नाही! बरे आहेत. सेवानिवृत्त झाले."

"मग आज कशी वाट सापडली?"

मी कुलवृत्तांत, पंचांग, आठ, एकवीस असं काहीबाही अडखळत बोलले. ती हसायला लागली. टरफलं पदरातून झटकत म्हणाली, "वय पाहिजे व्हय तुला? लिही. पहिल्या लग्नाला सहा. मी मांडवात झोपले होते. जाग आली तर गळ्यात काळी पोत, आणि आई रडतीय. दुसऱ्या लग्नाला एकोणीस. वय विचारलं तर आमच्या ह्यांनी कोपरानं ढोसलं, म्हणून मी सांगितलं एकवीस. पहिलं खोटं बापानं केलं. दुसरं माझं मी केलं. ते मला लई आवडतं."

तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते. मुलगा भिलाईला नोकरीला. हे सगळं ती सहज सांगत होती. मग तोच सहजपणा ठेवून म्हणाली, "दादाची वाट बघितली मी. वर्षभर. बाप येणार न्हाय हे ठाऊक होतं. पण तो शिकलेला. वाटलं, येईल."

"आत्या, त्यांना कुणी खरं सांगितलंच नाही. तू वारलीस असं कळवलं आजोबांनी."

ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. मी ओट्यावरून उठले, पुन्हा बसले. आत जावं की न जावं कळेना. तेवढ्यात शेजारची बाई धावत आली, "सिस्टर, चला, पोरगी अडलीय!" आत्या पेटी घेऊन बाहेर आली. डोळे लाल होते. "हितंच बस. पळू नको," असं मला बजावून ती निघून गेली.

ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं तरी ती आली नाही. मी उरलेल्या शेंगा फोडल्या, अंगण झाडलं, दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. ती परतली तेव्हा दमलेली आणि प्रसन्न होती. "मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत." हात धुऊन तिनं भाकरी थापल्या, आणि आम्ही एका ताटात जेवलो.

निघताना ती म्हणाली, "दादाला सांग, यायचं तर जेवायला ये म्हणावं. रडायला नको."

पुण्याला पोचल्यावर आप्पांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते की नाही तेच कळेना. मग म्हणाले, "ती गेल्याचं कळलं त्या दिवशी मी अंघोळ केली आणि कॉलेजात गेलो. कशानं गेली, कुठं गेली, काही विचारलं नाही ग." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन सोलापूरची तिकिटं काढली.

कुंभारीच्या त्या दारात दोघं समोरासमोर आली, तेव्हा आप्पांनी परक्या बाईला करावा तसा नमस्कार केला. आत्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "दादा, चपला आत काढ. हितं कुत्री पळवतात." मग कुणालाच रडू आवरलं नाही. जेवण मात्र झालं.

कुलवृत्तांतात मी आत्याची दोन्ही लग्नं लिहिली, खऱ्या वयांसकट. काकांनी दुसरं लग्न गाळायचं म्हटलं, तेव्हा आप्पांनीच आमच्या शाखेची सगळी पानं परत मागितली. मग ते गुपचूप छापलं गेलं. जुनी नोंद हाती आली की आता मी आधी त्या वेळी कोणतं वय सांगणं सोयीचं होतं ते बघते, आणि मग त्या माणसाला ओळखणारं कुणी जिवंत आहे का ते शोधते.

पण त्या प्रवासातलं मनात राहिलंय ते परतीच्या गाडीतलं. आप्पा माझ्यासमोर बसले होते. माढ्याची रानं मागं पडत होती. ते एकाएकी म्हणाले, "तिच्या लग्नात मी दहा वर्षांचा. मला जरीची टोपी घेतली होती. ती टोपी घालून मी मांडवभर मिरवत होतो. टोपीचा रंगसुद्धा आठवतो बघ. ती कुठं बसली होती, ते नाही आठवत."