निधीला दिलेला ताण

खुशालराव एका जागी टिकलेले मी कधी पाहिले नाहीत. शेंदूरजनाघाटच्या बाहेर त्यांची संत्र्याच्या कलमांची पन्हेरी, म्हणजे रोपवाटिका आहे. जंभेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याच्या फांदीचा डोळा बांधायचा, पट्टी गुंडाळायची, पुढच्या वाफ्यावर सरकायचं, यात त्यांचा जन्म गेला. वरूडकडच्या अर्ध्या बगीच्यांत आपल्या हातची झाडं उभी आहेत, हे ते कोणी विचारायची वाट न पाहता सांगतात. मला असा माणूस बरा वाटतो. खोटी नम्रता माझ्याच्यानं सहन होत नाही.

त्यांची नात निधी, सहा वर्षांची. मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता ती खेळेनाशी झाली. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. पाय दुखतात म्हणून रडायची. एका डॉक्टरनं वाढीचं वय आहे म्हणून टॉनिक लिहून दिलं. मग नडग्यांवर, पाठीवर निळे डाग उठले. शाळेतल्या बाईंनी निधीच्या आईला, पौर्णिमाला, बाजूला घेऊन विचारलं, "पोरीला मारता का हो?" नवरा संत्र्याचा ट्रक घेऊन परमुलखात. पौर्णिमा शाळेतून निघाली ती थेट माझ्या दारात.

मी डॉक्टर नाही. दहावीनंतर जे शिकले ते लोकांसोबत दवाखान्यांच्या रांगेत उभं राहून, भांडून शिकले. पण न पडता उठलेले डाग, पिच्छा न सोडणारा ताप, फिकं पडलेलं तोंड आणि हाडांचं दुखणं हे सगळं एकाच लेकरात दिसलं, तर टॉनिकच्या बाटलीवर वेळ घालवायचा नसतो. रक्त तपासायचं, त्याच दिवशी. मी पौर्णिमाला वरूडच्या लॅबमध्ये नेलं. पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या, प्लेटलेट तळाला. तिथून अमरावती, अमरावतीहून नागपूर. कमरेच्या हाडातला मगज काढून तपासला. रक्ताचा कॅन्सर.

ऐकून पौर्णिमा भिंतीला टेकली. डॉक्टरीण तिच्यासोबत खाली बसली आणि म्हणाली, लहान मुलांत हाच कॅन्सर सगळ्यात जास्त दिसतो. वेळेवर आणि पूर्ण उपचार घेतले तर बहुतेक मुलं बरी होतात. मात्र औषध दोन वर्षांहून जास्त चालतं.

पहिला महिना जबर होता. केस गेले, गाल फुगले. औषधानं भूक अशी खवळली की डोळे उघडले की पोरगी वरण-पोळी मागायची. महिन्याच्या शेवटी पुन्हा मगज तपासला. त्यात आता कॅन्सर दिसत नाही, पण उपचार सुरूच ठेवायचे, असं डॉक्टरीण म्हणाली. खुशालरावांनी त्यातलं पहिलं अर्धंच घरी आणलं.

नागपूरची पुढची तारीख आली आणि गेली. दोन आठवडे झाले तेव्हा पौर्णिमाचा दबक्या आवाजात फोन आला. मी गाडीला किक मारली आणि पन्हेरीत पोचले.

"या पुढारीणबाई," हातातला चाकू न थांबवता खुशालराव म्हणाले. "आज कोनावर मोर्चा?"

"तुमच्यावरच. निधीची तारीख चुकली, काका."

"चुकली नाही. मीच नाही जाऊ देली."

"काहून?"

"ताण देऊन राहिलो तिले."

आमच्याकडे हिवाळ्यात आंबिया बहरासाठी संत्र्याचं पाणी तोडतात. झाड विसावा घेतं, पानं मलूल होतात. मग पाणी सोडलं की फुलांनी भरून जातं. यालाच ताण देणं म्हणतात. आमच्या भागात हे कोणाला शिकवावं लागत नाही, आणि म्हणूनच खुशालरावांचं बोलणं तिथल्या मजुरांनाही पटत होतं.

"सदा पानी पाजलं तर मुळ्या सडते," ते म्हणाले. "रिपोर्टात काई निंघालं नाही. आता पोरगीले जरा सुकू दे. अंगात जोर आला का मंग पाहू."

"ती पोरगी आहे काका, झाड नाही."

"तुले झाडातलं काय समजते?"

"अन् तुम्हाला रक्तातलं?"

माझा आवाज चढला. चढणारच. रिपोर्टात दिसत नाही म्हणजे गेलं असं नसतं. काही पेशी हाडात दडून बसतात, मेंदूच्या आसपासही पोचतात, म्हणून तर पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देतात. मधेच सोडलं तर आजार परत येतो, आणि मग आधीचं औषध त्याला पुरत नाही. हे सगळं मी वाफ्याच्या बांधावर उभी राहून ओरडून सांगितलं. ऐकलं मजुरांनी. खुशालराव पुढच्या वाफ्यावर गेले.

"मी तहसीलदाराला घेऊन येते इथं."

"आन. त्याच्या बगीच्यालेही कलमा लागतेच."

मजूर हसले. तेवढ्यात बांधावरून पौर्णिमा आली, निधी तिच्या कडेवर, डोक्याला रुमाल बांधलेली. सासऱ्याच्या कामात ती कधी बोलली नव्हती.

"मामाजी, एक इचारू?"

"इचार."

"ताण देता तवा तुमी रोज बगीच्यात काहून जाता?"

"पानं पाहाले. पानावरून समजते ताण किती बसला. जास्त झाला तर झाडच जाते."

"मंग निधीचं पान कोन पाहून राहिलं?"

चाकू थांबला.

"हिच्या हाडातलं मले दिसत नाही," पौर्णिमा म्हणाली. "तुमाले दिसते काय? ज्याइले दिसते त्याइच्याकडं मी सकाळच्या गाडीनं जाऊन राहिली. येत असान तर या."

उत्तराला ती थांबली नाही. मीही तिच्यामागे निघाले.

सकाळी स्टँडवर खुशालराव आमच्या आधी हजर. "बाईमानूस एकली लेकरू घेऊन कशी जाईन, म्हनून आलो," एवढंच बोलले. मी मोजलीच नाही का यांच्या हिशेबात?

नागपूरला पुन्हा मगज काढला. रिपोर्ट येईपर्यंत खुशालरावांनी व्हरांड्यात इतक्या येरझाऱ्या घातल्या की फरशी पुसणारी बाई करवादली. शेवटी डॉक्टरीण आली.

"परत आला काय?" त्यांनी आधी विचारलं.

"आज दिसत नाही. पण मधल्या खंडानं काही बिघडलं की नाही, ते आज कोणीच सांगू शकणार नाही. औषधं पुन्हा सुरू करू आणि तपासत राहू."

"समजन कवा?"

"औषधं संपल्यावरही काही वर्षं लक्ष ठेवावं लागतं."

कलमाचा डोळा जगला की मेला हे ज्याला काही आठवड्यांत कळतं, त्या माणसाला ही वर्षांची गोष्ट ऐकवत नव्हती. "मंग आजच सुरू करा," ते म्हणाले आणि पिण्याचं पाणी आणायला निघून गेले. हातातली बाटली भरलेलीच होती.

तेव्हापासून प्रत्येक तारखेला तेच नेतात. कोणी खोकलं की निधीला जवळ येऊ देत नाहीत. यावरून एका कंडक्टरशी त्यांची जुंपली, दुसऱ्याशीही जुंपेल.

परवा दुपारी निधीला ताप भरला. या औषधांवर असताना ताप आला तर वाट पाहायची नसते, हे डॉक्टरिणीनं बजावलेलं. खुशालराव बांधत असलेला डोळा अर्धवट टाकून उठले, मजुराची गाडी मागितली आणि मला वाटेतून फोन केला, "ताप हाये. नागपूरले निंघालो."

मला घरात थांबवेना. आज सकाळी चौथ्यांदा फोन लावला.

"उतरला का, काका?"

"उतरला. उद्या पुन्हा इंजेक्शन हाये. लयच औषध देऊन राहिले बाप्पा हे लोकं."

"मग बंद करायचं?"

"चूप बस," म्हणाले आणि फोन कापला.