एरंडेल, मेण आणि मागची सीट

मुलाने मागच्या वर्षी गाडी घेतली तेव्हा तिच्या चामड्याच्या सिटांसाठी दोन बाटल्या मिळाल्या. एक पुसायची, एक मऊपणा टिकवायची. सोबत सूचनांचा कागद. असले कागद वाचायचं काम घरात माझंच असतं. सात सूचनांपैकी पाच मला आधीच माहीत होत्या. त्या पाचही मी नव्वदीच्या दशकात बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूरला शिकले, नवी सून असताना. त्यातल्या चार आधी चुकून मग शिकले.

सासऱ्यांचं आडत दुकान होतं. सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्या दोन-तीन वर्षांत गावात बरंच नवं येत होतं. दुकानाशेजारी एसटीडी बूथ निघाला, केबलच्या तारा लिंबाच्या फांद्यांतून घरोघर गेल्या, शाम्पू पुडीत मिळू लागला. आमच्या घरी गाडी आली. पांढरी अँबॅसेडर, पुण्याच्या कुणा डॉक्टरांनी वापरलेली.

गाडी घेतली ती आक्कासाठी. आक्का म्हणजे आप्पांची मोठी बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. आई गेल्यावर आप्पांना तिनेच वाढवलं होतं. दर सोमवारी ती एसटीने परळीला वैद्यनाथाच्या दर्शनाला जायची. आता गुडघे गेले होते. बसच्या पायरीवर कंडक्टर वरून ओढायचा आणि मागून कुणीतरी ढकलायचं. ते आप्पांना बघवत नव्हतं.

गाडी आली त्या दिवशी आम्ही नारळ फोडला. आक्का ओवाळायला ताट घेऊन आली. आप्पांनी मागचं दार उघडलं. ती वाकली, वास घेतला आणि ताटासकट मागे सरली.

"आप्पा, आत काय हाय हे?"

"गादी हाय की. लई मऊ हाय, बस तर."

"कातडं हाय."

डॉक्टरांनी हौसेने खऱ्या चामड्याच्या सिटा घालून घेतल्या होत्या, हे आप्पांना खरंच माहीत नव्हतं. रेक्झिन असेल असंच त्यांनी धरलं होतं. आमचं घर शिवभक्तांचं. आक्काच्या गळ्यात लिंग, कपाळी भस्म. तिच्यामुळे चामडं उंबऱ्याच्या आत येत नसे. पुरुषांचे पट्टे आणि पाकिटं ओट्यावरच्या खुंटीला. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी माझी माहेरची पर्सही त्याच खुंटीला गेली होती.

आप्पांनी तिथेच जाहीर केलं, "आधी आक्का बसंल. मग बाकीचे."

म्हणजे कुणीच बसायचं नाही. गाडी लिंबाखाली उभी. आप्पा रोज सकाळी पुढे बसून इंजिन सुरू करायचे, पाच मिनिटांनी बंद करायचे आणि चालत दुकानाला जायचे. समोरचे व्यापारी ओरडायचे, "आप्पा, गाडी इकत घेतली का पाळली? दावं बांधा की तिला!"

चार दिवसांनी आप्पा मला म्हणाले, "सूनबाई, वास गेला की बसंल ती. तुमी वहीवाल्या. तुमीच बघा."

घरातलं वाणसामान, धोब्याचे कपडे, गॅसचा नंबर, सगळं मी वहीत लिहीत असे. तिथे एक नवं पान काढलं. पहिल्या दिवशी कपडे धुण्याची साबणपूड, बादलीभर पाणी आणि ब्रश. सिटा घासल्या, दारं उघडी टाकून उन्हात वाळवल्या. बीडचं ऊन ते. संध्याकाळी सीट पापडासारखी कडक झाली आणि तिच्यावर पांढऱ्या रेघांचा नकाशा उमटला. दुसऱ्या वेळी शाम्पू वापरला. केस मऊ होतात तर कातडं का होणार नाही, हा माझा हिशोब. त्याने एवढंच झालं की चामड्याच्या वासावर मोगऱ्याचा वास बसला. मग भेगा दिसायला लागल्या म्हणून खोबरेल, अख्खी बाटली.

दुसऱ्या दिवशी आप्पा सवयीप्रमाणे इंजिन सुरू करून उतरले आणि तसेच बाजारात गेले. धोतरावर मागे दोन गोल डाग.

"आप्पा, भज्याच्या कढईत बसलते का?"

ते घरी आले, धोतर बदललं, पुन्हा गेले. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटी मी बाजारातून जाडंभरडं मांजरपाट आणून सिटांना खोळी शिवल्या. पांढऱ्या, कोपरा न् कोपरा मापाचा. आक्काने ओट्यावरून पाहिल्या. "वरून पांघरूण घातलं म्हणून खालचं बदललं व्हय, पोरी?" म्हणाली आणि एसटी गाठायला निघाली. त्याच सोमवारी ती बसच्या पायरीवरून घसरली. गुडघा नारळाएवढा सुजला. पुढचे दोन सोमवार चुकले. श्रावण तोंडावर आला होता आणि श्रावणी सोमवारही चुकायची भीती होती.

आप्पांनी अंबाजोगाईहून सिटा शिवणारा कारागीर बोलावला. सगळं चामडं फाडून रेक्झिन चढवायचं ठरलं. तो आला, खोळी काढल्या, मागच्या सिटेच्या शिवणीला पातं लावलं.

"थांब रे बाबा!" ओट्यावर तूर निवडत बसलेली आक्का ओरडली. "चांगलं कातडं कावून फाडायलास?"

"आक्का, तुमच्यासाठीच चाललंय हे," तो म्हणाला.

"जनावर एकदा मेलं की. आता ते उकिरड्यावर टाकून म्या कोणतं पुण्य घेऊ? कातड्यात खोट न्हाई. ह्या पोरीनं त्याची वाट लावली."

कारागिराने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग आत जाऊन वही आणली आणि ओट्याखाली उभी राहिले. "मग कसं करायचं असतं, आक्का?"

तेव्हा कळलं की माझ्यापेक्षा तिला यातलं कितीतरी जास्त कळत होतं. तिच्या लहानपणी मळ्यातल्या विहिरीवर मोट होती, बैलांनी ओढून पाणी काढायची मोठी चामड्याची पिशवी. उन्हाळ्यात ती कोरडी पडून चिरायची. मोट शिवणारे एक म्हातारे बाबा दरवर्षी यायचे आणि बाभळीखाली बसून तिला तेल मुरवायचे. आक्का तासन्‌तास बघत बसायची.

"आधी ओल्या फडक्यानं धूळ काढ. पिळून घे फडकं, पाणी गळता कामा न्हाई. साबण न्हाई. मग सावलीत वाळू दे. एरंडेल कोमट कर, त्यात मधाच्या पोळ्याचं मेण टाक, बोराएवढं."

कारागिरालाही चहा दिला होता. तो पातं मिटून ऐकत बसला. मी सांगितलं तसं केलं. तेल-मेण गार होऊन लोण्यासारखं झालं. मी बोटांनी लावू लागले.

"बोटानं नको. तळव्यानं."

मी तळव्याने चोळलं.

"आगं, भांडं घासायलीस का? लेकराला तेल लावतात तसं लाव."

मी पुन्हा चुकले असावे. कारण आक्का गुडघ्यावर हात देऊन उठली, ओट्याच्या तीन पायऱ्या एकेक करून उतरली, मला बाजूला सारलं आणि सिटेवर तळवा टेकवला. दारात उभे आप्पा हलले नाहीत. तिने एका टोकाकडून सुरुवात केली. हळूहळू, जागा न सोडता. तळव्याच्या उबेने मेण पातळ व्हायचं आणि भेगेत उतरायचं. अर्धी सीट तिने अशी केली. "आता हे मुरू दे. उद्या कोरड्या फडक्यानं पूस. फडक्याला तेल लागायचं थांबंस्तवर पूस."

मी लिहून घेतलं. आणि नव्या सुनेने विचारू नये ते विचारलं, "आक्का, मोटेचं पाणी तुमी प्यायचात?"

"पिऊ न्हाई तर काय? देवालाबी तेच." ती हात फडक्याला पुसत होती. मग म्हणाली, "आन् मोट शिवणाऱ्या बाबाला आमी वरून पाणी घालायचो. ओंजळीत."

एवढं बोलून ती डोक्यावरून अंघोळ करायला गेली. एरंडेल-मेणाचं प्रमाण मी वहीत लिहिलं. ओंजळीचं ते वाक्य लिहिलं नव्हतं, तरी तेच जास्त स्पष्ट आठवतं.

राहिलेल्या सिटा कारागिराने आणि मी मिळून केल्या. सगळ्यांना चार दिवस लागले. भेगा गेल्या नाहीत, पण कडा मऊ झाल्या. पहिल्या श्रावणी सोमवारच्या आदल्या दिवशी आक्काने आप्पांना बोलावून निकाल सांगितला.

"जाताना यष्टीनंच. देवाकडं कातड्यावर बसून जायाचं न्हाई. येताना बसंन."

"येताना कावून चालतंय मग?"

"येताना देव भेटलेला असतो."

तर सोमवारी आप्पांनी आणि कंडक्टरने मिळून तिला बसमध्ये चढवलं. सोबतीला मी. आणि बसच्या मागे आमची रिकामी अँबॅसेडर, चालवायला एकटे आप्पा. बस थांबली की गाडी थांबायची. तिसऱ्या थांब्यावर कंडक्टरने मागच्या काचेतून पाहिलं.

"आजी, ती पांढरी गाडी आपल्याच मागं लागली का?"

"माझा भाऊ हाय. रस्ता चुकंल म्हणून मागं मागं येतोय."

सगळी बस हसली.

दर्शन झालं, प्रसाद झाला. आप्पांनी मागचं दार उघडून धरलं. आक्का आधी कडेवर टेकली, अंग आखडून. मग आत सरकली आणि पाठ टेकवली. मी तिच्या लुगड्याकडे वाकून पाहिलं. डाग नव्हता.

आप्पा इतके सावकाश चालवत होते की एक सायकलवाला पुढे गेला. "आप्पा, बैलं दमली का?" आक्का म्हणाली. पण त्यांनी वेग वाढवला नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर तिचं डोकं कोपऱ्याला कललेलं, तोंड किंचित उघडं. गाढ झोपली होती.

घर आलं. दारात माझा नवरा आणि शेजारची चार माणसं आपला नंबर कधी लागतो म्हणून उभी होती. आप्पांनी आरशात पाहिलं, काचेतून त्यांना हाताने थांबा म्हणून खूण केली आणि गाडी तशीच पुढे नेली. रेल्वे फाटकापर्यंत गेले, वळवली, पुन्हा घरावरून, पुन्हा फाटक. तिसऱ्या फेरीला पेट्रोलचा काटा खाली आलेला मला दिसला.

"आप्पा, उठवू का त्यांना?"

"थांबा जरा," ते हळू आवाजात म्हणाले. "आत्ताच तर बसलीय."